गोंदण, ध्वजचिन्हें व लढाऊ विमानांवरील स्त्रीचित्रें

शिलालेख, ताम्रपट, नाणीं आणि कागद या चार साधनांवर आमच्या इतिहाससंशोधनाची सारी भिस्त असते, व तें योग्यच आहे. परंतु पांचवा एक लेख असा आहे कीं, तो माणसाच्या कातडीवर लिहिला जातो आणि त्या माणसाबरोबरच जळून अगर पुरला जाऊन नाहींसा होतो. त्यास आपण गोंदण म्हणतों. बायकांचा प्रकार म्हणून विद्वानांनीं त्याकडे फारसें पाहिलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय या गोंदणाचा एक अगदीं अर्वाचीन प्रकार हा आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानांच्या अग्रभागीं तरुण स्त्रियांचीं जीं चित्रें रंगवीत तींच चित्रें, कित्येकदां विमानासकट, दंडावर व पाठीवर गोंदवून घेण्याची ही चाल आहे. चाल पाश्चात्त्यांची खरी. पण ती आतां आमच्या कोंकणांतील तरुणांपर्यंत येऊन पोंचली आहे, आणि तिचा माग काढीत गेलें असतां वाटेंत जीं स्थळें लागतात त्यांतील कांहीं आपल्या फार ओळखीचीं आहेत.

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी समुद्रास मिळते, तिच्या उत्तर तीरावर पूर्णगड आहे. किल्ला लहान. तो शिवछत्रपतींचा, आंग्र्यांचा कीं पेशवाईंतला, याविषयींच्या परंपरा एकमेकींशीं जुळत नाहींत. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. १८१८ सालीं तो इंग्रजांकडे गेला. आमचें लक्ष वेधलें तें त्याच्या दरवाज्यानें. दरवाज्यावर मध्यें गणपति असून दोहों बाजूंस चंद्र व सूर्य कोरलेले आहेत. हीच जोडी ताम्रपटांत 'आचंद्रार्क' या शब्दानें येते, वीरगळाच्या माथ्यावर दगडांत येते, आणि गोंदणांतहि येते. दानपत्र लिहिणारा, पाथरवट आणि गोंदणारी बाई या तिघांनीं एकाच खुणेचा आश्रय करावा यांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावें अशी दानाची प्रतिज्ञा असते. गोंदण टिकतें तें फार तर साठ-सत्तर वर्षें. पण तें काढणारीच्या मनांतील प्रतिज्ञा त्याच जातीची आहे. "बाकी सारें येथेंच राहतें, गोंदलेलें तेवढें बरोबर येतें," ही समजूत महाराष्ट्रांत घाटावर व कोंकणांत सारखीच आढळते. सोनें मेल्यावर अंगावरून उतरवून घेतात; गोंदण कोणास उतरवितां येत नाहीं.

जुन्या रीतीचें गोंदण आमच्या पिढीनें पाहिलें आहे. तीन-चार सुया एकत्र बांधून, काजळींत पाल्याचा रस कालवून, पोरीचा हात मांडीवर घट्ट धरून, तिचें रडणें दबावें म्हणून मोठ्यानें गाणें म्हणत तें काम चाले. कपाळावर चंद्रकोर अगर ठिपका, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, पुढें पुढें नवऱ्याचें नांव. पुरुष बहुधा दंडावर मारुति घेत. साक्षरता वाढली तशीं चित्रें कमी होऊन अक्षरें वाढलीं, ही एक लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. अक्षर न येणाऱ्या बाईच्या हातावर नवऱ्याचें नांव असे, व तें तिला वाचतां येत नसे.

संस्कृतांत गोंदणास प्रतिशब्द कोणता, असें आम्हांस पुष्कळ वेळां विचारण्यांत येतें. कित्येक लेखक कवींची 'पत्रलेखा' पुढें करतात. तें बरोबर नाहीं. पत्रलेखा अथवा पत्रभंग म्हणजे गालांवर व वक्षःस्थलावर चंदन, कस्तुरी इत्यादिकांनीं रेखलेली वेलबुट्टी. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत वसंत अकालीं अवतरला असतां किंपुरुषस्त्रियांच्या मुखावरील अशी नक्षी घामानें बिघडल्याचें वर्णन आहे. जें घामानें पुसलें जातें तें गोंदण नव्हे, एवढें म्हणण्यास व्याकरणाची गरज नाहीं. माध्व वैष्णवांची तप्तमुद्रा ही जवळची; पण ती डागणी आहे, सुईचें काम नव्हे. खरें सादृश्य सांपडतें तें एका अप्रिय ठिकाणीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत महापातक्यांच्या कपाळावर चिन्हें उमटविण्यास सांगितलें आहे: चोरास कुत्र्याचा पाय, मद्यप्याच्या कपाळीं कलालाच्या दुकानाचा ध्वज, ब्रह्मघ्नास मस्तकहीन पुरुष. कंपनी सरकारनेंहि १७९७ पासून बंगाल्यांत कांहीं अपराध्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याचा कायदा केला होता, व त्यास 'गोदना' हेंच देशी नांव होतें. १८४९ त तो बंद झाला. तेव्हां अंगावरील खूण ही भूषण, कवच आणि कलंक अशी तिन्ही असूं शकते. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील भाग समजण्यास सोपा जाईल.

आतां युद्धाच्या वाहनावर चित्र कां काढावें? महाभारताच्या वाचकास हा प्रश्न नवा नाहीं. द्रोणपर्वांत जयद्रथवधाच्या प्रसंगीं धृतराष्ट्र संजयास वीरांच्या ध्वजांविषयीं विचारतो आणि संजय एकेकाचा ध्वज वर्णितो. अर्जुनाचा वानर प्रसिद्धच आहे. अश्वत्थाम्याचें सिंहाचें पुच्छ, कृपाचा वृषभ, जयद्रथाचा रुप्याचा वराह, दुर्योधनाचा नाग हेहि बहुतेकांस ठाऊक असतात. पण मद्रराज शल्याच्या ध्वजाकडे टीकाकारांखेरीज कोणी पाहत नाहीं. त्याच्या ध्वजाग्रीं सोन्याची 'सीता' आहे. सीता म्हणजे नांगराची तास, भूमीची अधिष्ठात्री. आणि संजय तिचें वर्णन सर्व बीजें अंकुरलेल्या, शोभेनें वेढलेल्या एका सुंदरीसारखें करतो. भोंवतीं सारे वानर, वराह, नाग, आणि त्यांमध्यें ही एकच सुपीक, सुवर्णाची स्त्री. मरावयास निघालेल्या पुरुषानें आपल्या रथावर जीवनाचें रूप लावावें, ही कल्पना अमेरिकन वैमानिकांस प्रथम सुचली नाहीं, इतकेंच आम्हांस यावरून म्हणावयाचें आहे. प्राचीनांजवळ विमानें होतीं असा अर्थ कृपा करून कोणी काढूं नये. 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो ग्रंथ दाखविण्यांत येतो तो विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे, असा निर्णय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालींच दिला आहे. आमचा मुद्दा ध्वजाचा आहे, विमानाचा नाहीं.

दुसरा धागा तोफांचा. विजापूरच्या बुरुजावरील 'मुलुख-ए-मैदान' ही तोफ १५४९ त अहमदनगर येथें महंमद बिन हसन रूमी यानें ओतली, हें सर्वश्रुत आहे. तिचें तोंड जबडा पसरलेल्या सिंहाचें असून त्या जबड्यांत हत्ती चिरडला जात आहे. आतां हिच्याशेजारीं पुढील हकीकत ठेवावी. जर्मनांच्या कांहीं जोडयंत्री लढाऊ विमानांवर शार्क माशाचा जबडा रंगविलेला असे. तो पाहून इंग्रजांच्या ११२ व्या तुकडीनें १९४१ सालीं उत्तर आफ्रिकेंत आपल्या टॉमाहॉक विमानांचीं नाकें तशींच रंगविलीं. त्यांचें चित्र मासिकांत छापून आलें, तें ब्रह्मदेशांत तयारी करीत असलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या पाहण्यांत आलें, आणि 'फ्लाइंग टायगर्स' या नांवानें पुढें गाजलेल्या त्या टोळीनें तेच दांत आपल्या विमानांस लावले. शत्रूकडून मित्राकडे, मित्राकडून तिसऱ्याकडे, आणि तेंहि अवघ्या कांहीं महिन्यांत! जुन्या हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखा लावणाऱ्यांनीं चित्रांच्या अशा वंशावळीहि लावून पाहाव्यात; त्यांत मूळ प्रत आणि नक्कल यांचा निवाडा पोथ्यांपेक्षां सोपा असतो, कारण तारखा मिळतात.

विमानावर चित्र काढण्याची चाल पहिल्या महायुद्धापासूनची. इटालीच्या फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाच्या विमानावर उसळता काळा घोडा असे. तो १९१८ च्या जूनमध्यें पडला, आणि त्याचा घोडा पुढें फेरारी मोटारींवर जाऊन बसला. त्याच महिन्यांत मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा तरुण, जो इंग्रजांच्या वायुदलांत डॉल्फिन जातीचें विमान चालवीत होता, तो फ्रान्समध्यें जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला व मरण पावला. हें नांव आमच्या शाळांतून शिकविलें जात नाहीं, म्हणून येथें नोंदवून ठेवितों.

स्त्रीचित्रांचा पूर मात्र दुसऱ्या युद्धांतला. 'एस्क्वायर' या अमेरिकन मासिकांत जॉर्ज पेटी व त्यामागून आल्बर्टो व्हार्गास हे चित्रकार सडपातळ, अल्पवस्त्र तरुणींचीं चित्रें काढीत. सैनिक तीं फाडून बराकींतील भिंतीस टांचणीनें टोंचीत, त्यावरून त्यांस 'पिन-अप' हें नांव पडलें. भिंतीवरून तीं विमानावर गेलीं. यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'मेम्फिस बेल' हें चार यंत्रांचें बी-१७ बाँबफेकें विमान. त्याचें नांव वैमानिक रॉबर्ट मॉर्गन याच्या मेम्फिस गांवच्या प्रेयसीवरून. चित्र पेटीच्या एप्रिल १९४१ च्या तरुणीचें. रंगविणारा टोनी स्टार्सर नांवाचा तळावरील शिपाई. एका बाजूस तिचा पोशाख निळा, दुसऱ्या बाजूस तांबडा. मे १९४३ मध्यें त्या विमानानें व त्यांतील माणसांनीं पंचवीस फेऱ्या पुऱ्या केल्या, आणि त्या काळीं पंचवीस फेऱ्या करून जिवंत परतणें ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती कीं, त्यांस मुद्दाम अमेरिकेंत परत बोलावून गांवोगांव मिरविण्यांत आलें. विमानावरील चित्र वैमानिकांच्या चामडी कोटांच्या पाठीवर रंगविलें जाई, फेऱ्यांची संख्या बाँबच्या लहान लहान आकृत्यांनीं दाखवीत, आणि कोटावरून कातडीवर येण्यास फार वेळ लागला नाहीं. पत्रा, चामडें, कातडी असा हा प्रवास आहे.

हीं चित्रें उत्तम अभिरुचीचीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण तीं नुसतीं चावट आहेत असें म्हणून बाजूस सारणेंहि इतिहासकारास शोभत नाहीं. आमचे वीरगळ आठवावे. सर्वांत खालच्या पट्टींत वीर लढून पडतो. मधल्या पट्टींत अप्सरा त्यास हातांस धरून वर नेतात. वरच्या पट्टींत तो देवापुढें बसतो. आणि माथ्यावर, पूर्णगडाच्या दरवाज्यावर आहेत तेच, चंद्र व सूर्य. बोरिवलीजवळ एकसर येथें जे वीरगळ आहेत त्यांवर तर समुद्रावरील लढाई कोरली आहे: वल्हीं मारणाऱ्यांच्या रांगा असलेल्या होड्या, आणि त्यांवर अंतरिक्षांतल्या स्त्रिया. कोंकणच्या दर्यावर्दी लढवय्याच्या मरणाशीं देखणी स्त्री जोडण्याचें काम शिलाहार-यादवांच्या काळच्या पाथरवटानें केलेंच होतें. फरक इतकाच कीं, आमची अप्सरा मेल्यानंतर भेटते. पेटीची तरुणी निघण्यापूर्वींच विमानावर येऊन बसते. एकींत पारितोषिक आहे, दुसरींत नवस. शल्याची सीता या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसेल.

पाश्चात्त्य गोंदणाचा इतिहास थोडक्यांत असा. कॅप्टन कुक १७६९ त ताहिती बेटास गेला तेव्हां तेथील 'ततौ' हा शब्द इंग्रजींत आला. नाविकांनीं नांगर, पाकोळी, जहाज हीं चित्रें अंगावर घेण्यास सुरुवात केली. बुडूं नये म्हणून एका पायावर डुक्कर व दुसऱ्यावर कोंबडा गोंदविण्याचीहि त्यांच्यांत चाल आहे. दंडावर मारुति घेणाऱ्या आमच्या माणसास यांत हंसण्यासारखें कांहीं वाटूं नये. सॅम्युएल ओरायली यानें न्यूयॉर्क येथें १८९१ त विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचा हक्क नोंदविला, तेथून हें काम झपाट्यानें होऊं लागलें. १९०९ त अमेरिकन नौदलानें असभ्य गोंदण असलेल्या उमेदवारांस नाकारावें, पण तें सुधारून घेण्याची संधि द्यावी, असें ठरविलें. परिणाम असा झाला कीं, देशसेवेस निघालेल्या तरुणांनीं आपल्या अंगावरील नागड्या बायांस घाईघाईनें लुगडीं नेसविलीं! होनोलुलूचा नॉर्मन कॉलिन्स, ज्यास नाविक 'सेलर जेरी' म्हणत, यानें महायुद्धाच्या काळांत व नंतर हीं स्त्रीचित्रें नांगर-जहाजांशीं जोडून एक पक्कें घराणेंच निर्माण केलें. तो १९७३ त वारला. त्याचे नमुने आज सर्व जगभर गिरविले जातात, मुंबई-पुण्यांतहि.

हें सारें पूर्णगडाशीं कसें येऊन मिळतें? रत्नागिरी जिल्हा हा नाविकांचा जिल्हा. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी, टंडेल, सारंग मोठ्या संख्येनें येथले असत. हिंदी नौदलांतहि महायुद्धापूर्वीं रत्नागिरीच्या माणसांचा, विशेषतः कोंकणी मुसलमानांचा, भरणा फार होता. लंडन, सिंगापूर, याकोहामा येथील गोंदणाचीं दुकानें ज्यांनीं पाहिलीं अशीं माणसें या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या नांदलीं आहेत. म्हणून मुचकुंदीच्या कांठच्या एका तरुणानें आपला दंड आमच्यापुढें केला व त्यावर चार पंख्यांचें विमान आणि त्याच्या नाकावर बसलेली निळ्या पोशाखांतील तरुणी आम्हांस दिसली, तेव्हां आम्हांस तितकें आश्चर्य वाटलें नाहीं. त्यानें विचारलें, "गुरुजी, ह्याला गोंदण म्हणायचं का? आजी म्हणते, ही नुसती रंगरंगोटी." आजीच्या हातावर तुळस होती. तिचा आक्षेप चित्रावर नव्हता; "गाणं म्हटल्याशिवाय कसलं गोंदण?" हा होता. पद्धति बदलली म्हणजे वस्तु बदलते, हें मत तिनें आमच्यापेक्षां नेमकें मांडलें.

त्या तरुणाची खरी अडचण निराळी होती. त्यास वायुदलांत जावयाचें होतें. भारतीय वायुदलाच्या नियमांप्रमाणें कायमचें गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आंतल्या बाजूस, अगर पंजाच्या मागच्या बाजूस असेल तरच चालतें. इतर ठिकाणचें चालत नाहीं. आदिवासी उमेदवारांस त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणें असलेल्या गोंदणाबाबत सवलत आहे. याचा अर्थ असा होतो कीं, विमानावरील प्रेमापोटीं ज्यानें विमान अंगावर घेतलें त्यास त्या विमानापासूनच दूर राहावें लागतें. नियम चुकीचा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. सैन्यास शिस्त लागते, व अमेरिकन नौदलाचा वर दिलेला दाखला आहेच. पण त्या सवलतींत इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची कबुली आहे: रूढीनें आलेलें गोंदण हा त्या माणसाच्या समाजाचा दाखला होय, हें सरकारनेंहि मान्य केलें आहे. आजीची तुळस आणि नातवाचें विमान यांमध्यें नियमानें जी रेघ ओढली, तीच आजीनेंहि ओढली होती.

आणखी एक योगायोग नोंदवितों. दुसऱ्या महायुद्धांतील एक डाकोटा विमान दुरुस्त होऊन भारतीय वायुदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यांत ४ मे २०१८ रोजीं हिंडन येथें दाखल झालें. त्याच्या शेपटावर व्हीपी ९०५ हा आंकडा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं पहिल्या शीख पलटणीस श्रीनगरास पोंचविणाऱ्या डाकोटांपैकीं एकाचा हा आंकडा. आणि या विमानाचें नांव आहे परशुराम. ज्यानें बाण मारून समुद्र मागें हटविला व आमची ही कोंकणभूमि निर्माण केली अशी परंपरा आहे, ज्याचें देऊळ चिपळूणजवळ पेढें येथें आहे, त्याचेंच हें नांव. त्याच महिन्यांत अमेरिकेंत डेटन येथील संग्रहालयांत 'मेम्फिस बेल' हेंहि नवा रंग चढवून लोकांस दाखविण्यांत आलें. एका विमानावर प्रेयसी, दुसऱ्यावर आजन्म ब्रह्मचारी ऋषि. आपापल्या ध्वजाची निवड ज्याची त्यानें केली आहे.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. पूर्णगड, गांवखडी, पावस या बाजूच्या जुन्या खलाशी घरांतून पेट्यांच्या तळाशीं नौदलाचे व आगबोट कंपन्यांचे नोकरीचे कागद अद्याप असतात. मोडी दस्तऐवज शोधणारे आम्ही लोक ते इंग्रजी छापील म्हणून बाजूस ठेवतों. या जातीच्या कागदांत माणसाची उंची, वर्ण यांबरोबर ओळखीच्या खुणांचाहि रकाना असतो, आणि गोंदण असल्यास तें लिहिण्याची जागा तीच. ज्याच्या अंगावरील तें चित्र केव्हांच मातींत मिळालें, त्याच्या गोंदणाचा एवढाच पुरावा उरलेला असावयाचा. असा कागद हातीं आल्यास पूर्ण नक्कल करण्यास सवड नसली तरी हा एक रकाना, कागदाची तारीख, जहाजाचें नांव, आणि खूण उजव्या हातावर होती कीं डाव्या, एवढें उतरून घ्यावें. माणसाचें नांव घरच्यांच्या परवानगीवांचून छापूं नये. हयात वृद्ध स्त्रियांच्या हातांवरील गोंदणाची नक्कल गिरवून घेण्यास पातळ कागद व मऊ पेन्सिल पुरते. हात नीट सपाट ठेवावा, कातडी ताणूं नये, नाहींतर तुळशीच्या फांद्या मोजतांना चूक होते.